काढून ठेवण्याचे चाळीस दिवस

गोव्यात कोरेज्म, म्हणजे ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपासाचा काळ, लागला की इगर्जीतून (चर्चमधून) एकेक गोष्ट निघून जाते. राखेच्या बुधवारापासून 'आलेलुया' हा जयघोषाचा शब्द उच्चारायचा नाही. पवित्र गुरुवारच्या संध्याकाळचा आणि मधल्या मोठ्या सणांचा अपवाद सोडला तर 'ग्लोरिया' हा स्तुतिगानाचा भागही गायचा नाही. वेदीवरची फुले जातात. ऑर्गन फक्त गाण्याला आधार देण्यापुरता वाजतो, एकटा वाजत नाही. पाचव्या रविवारपासून बऱ्याच इगर्जींत मूर्तींवर जांभळे कापड चढते. पवित्र गुरुवारी रात्री घंटा थांबते, वेदीवरचे कापड काढतात, मेणबत्त्या काढतात, पवित्र भाकरीची पेटी रिकामी करून तिचे दार उघडेच ठेवतात. शुक्रवारी तर मिस्साच (भाकरी-द्राक्षारसाची मुख्य उपासना) होत नाही. ज्या विधीसाठी ही इमारत उभी आहे, तोच त्या दिवशी नसतो.

घरी आपण याच्या नेमके उलट वागतो. यंदा रोज बायबल वाचू, रोज मिस्सेला जाऊ, नऊ दिवसांची नोव्हेना करू, गोड सोडू, चहा सोडू, शिवाय संध्याकाळी अर्धा तास चालू, अशी यादी वाढत जाते. पहिल्या शुक्रवारपर्यंत ती निम्मी गळते आणि दुसऱ्या रविवारी मनात अपराधीपणा तेवढा उरतो. कोरेज्म दरवर्षी असा फसतो तो इच्छा कमी पडल्यामुळे नव्हे. इगर्ज काढत जाते आणि आपण भरत जातो, ही त्यातली खरी चूक आहे. म्हणून हा लेख काय काढायचे, कधी काढायचे आणि काढलेली जागा रिकामी कशी ठेवायची, याबद्दल आहे.

आधी दिवसांचा हिशेब, कारण तिथेच पुष्कळांचा गोंधळ होतो. राखेच्या बुधवारापासून ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत एकूण ४६ दिवस भरतात. त्यातले सहा रविवार उपवासात धरत नाहीत, कारण प्रत्येक रविवार हा पुनरुत्थानाचाच दिवस. उरले ४०. रविवारी सोडलेली गोष्ट घ्यावी की नाही, यावर घरोघर वाद होतो. नियमाने घेता येते. माझे मत असे की घ्यावी, पण थोडी आणि सगळ्यांसोबत बसून. रविवारीही कडक राहणारा माणूस बुधवारपर्यंत चिडचिडा होतो, आणि त्याच्या उपवासाची किंमत घरातल्या बाकीच्यांना मोजावी लागते.

ईस्टर दरवर्षी हलते ते चंद्रामुळे. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा रविवार म्हणजे ईस्टर. म्हणून ते २२ मार्चच्या आधी आणि २५ एप्रिलनंतर कधी येत नाही. भिंतीवर कालनिर्णय असेल तर अंदाज बांधता येतो, पण सावधपणे. २०२४ मध्ये होळीची पौर्णिमा झाली आणि पुढच्याच रविवारी, ३१ मार्चला, ईस्टर आले. २०२५ मध्ये हनुमान जयंती शनिवारी, १२ एप्रिलला होती, तरी ईस्टर दुसऱ्या दिवशी न येता २० तारखेला आले. इगर्जीच्या गणितातली पौर्णिमा त्या वर्षी १३ तारखेला, म्हणजे रविवारीच पडली, आणि पौर्णिमाच रविवारी आली तर ईस्टर आठवडाभर पुढे जाते. २०२६ मध्ये हनुमान जयंती आणि पवित्र गुरुवार दोन्ही २ एप्रिललाच. या गणिताचा एक परिणाम डोळ्यांनी दिसतो: गुरुवार-शुक्रवारच्या रात्री गोव्यात आभाळ स्वच्छ असले की पौर्णिमेच्या आगेमागेचा चंद्र असतो. गेथशेमानीच्या बागेत येशू प्रार्थनेला बसला ती रात्र वल्हांडण सणाची, म्हणजे पौर्णिमेच्या आसपासचीच होती.

कोरेज्माच्याच दिवसांत, फाल्गुनी पौर्णिमेच्या आगेमागे, गोव्यात शिगमो असतो. रस्त्यावर ढोल-ताशे, रोमटामेळ, आणि त्याच रस्त्यावरच्या ख्रिस्ती घरात जांभळ्या कापडाचे दिवस. उपास म्हणजे काय, हे शेजारच्या हिंदू घराला समजावून सांगावे लागत नाही. सोमवारी शिवराक (शाकाहार) करणाऱ्या घराला शुक्रवारचे शिवराक आपोआप कळते.

राखेपासून सुरुवात करू. बुधवारी कपाळावर लागणारी राख गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारच्या (ईस्टरच्या आधीच्या रविवारच्या) आशीर्वादित झावळ्यांची असते. गोव्यात बहुतेक ठिकाणी त्या माडाच्या असतात. पातींचे विणून केलेले छोटे क्रूस वर्षभर ओरातोरवर (घरातल्या देवघरावर) किंवा तसबिरीमागे खोचलेले राहतात. दोन आठवडे आधी ते गोळा करावेत. विणलेला क्रूस तसाच जाळला तर घट्ट घड्यांच्या आत हवा जात नाही, बाहेर राख होते आणि आत काळा कोळसा राहतो. म्हणून आधी तो उकलावा, पातीतला हीर काढून टाकावा, पाती भर उन्हात दोन दिवस कडक वाळवावी आणि लोखंडी कढईत, उघड्यावर, थोडी थोडी जाळावी. रॉकेल घालू नये. वास राखेत राहतो आणि कपाळाला आग होते. थंड झाली की कुटून मलमलच्या कापडातून चाळावी. ढीगभर पातींची राख जेमतेम वाटीभर होते, पण चिमटीने घ्यायची असल्याने तेवढ्यात मोठा गाव भागतो.

इथे एक धोका सांगितलाच पाहिजे. राख लागावी म्हणून तिच्यात पाणी घालून लगदा करतात. झाडाच्या राखेत पाणी मिसळले की क्षार सुटतो, आणि तो लगदा तासन्‌तास तसाच राहिला तर कातडी भाजते. कपाळावर क्रूसाच्या आकाराचा लाल चट्टा उठलेली माणसे जगभर दवाखान्यात गेलेली आहेत. राख कोरडीच ठेवावी. अंगठा चिकटत नसेल तर खोबरेल तेलाचे दोन-तीन थेंब पुरतात. राख लावताना म्हणायची वाक्ये दोन, त्यातले कुठलेही एक: तू धूळ आहेस आणि धुळीत परत जाशील, किंवा, पश्चात्ताप करा आणि सुवार्तेवर विश्वास ठेवा. पहिले वाक्य कानाला कठोर वाटते म्हणून हल्ली दुसरेच जास्त ऐकू येते. मला पहिले हवे असते. काढून ठेवण्याची सुरुवात 'मी कायम राहणार' या समजुतीपासून झाली, तर पुढचे सगळे हलके जाते.

आता उपास. नियम थोडा आहे. राखेचा बुधवार आणि शुभ शुक्रवार हे दोनच दिवस पूर्ण उपासाचे: एक वेळ पोटभर जेवण, आणि हवी तर दोन वेळा थोडी न्याहारी, पण त्या दोन मिळून एका जेवणाएवढ्या होऊ नयेत. हे वयाच्या १८ वर्षांपासून ५९ पूर्ण होईपर्यंत. मांस न खाण्याचा नियम १४ वर्षांपासून पुढे, आणि कोरेज्मातले सगळे शुक्रवार त्यात येतात. पाणी कधीही पिता येते. एप्रिलच्या दमट उकाड्यात हे मुद्दाम सांगावे लागते, कारण शुक्रवारच्या विधीत चक्कर येऊन बसणारी माणसे बहुतेक वेळा उपाशीपेक्षा तहानलेली असतात. आजारी माणसे, गरोदर व अंगावर पाजणाऱ्या बाया आणि अंगमेहनतीची कामे करणारे यांना उपासाचे बंधन नाही. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन जेवण टाळणे तर धोक्याचे. साखर एकदम खाली जाते. अशा माणसाने दुसरे काही काढावे.

पण गोव्यात मांस सोडणे म्हणजे नेमके काय सोडणे? शुक्रवारी सॉरपोतेल (डुकराच्या मांसाचा पदार्थ) नको, त्याऐवजी इसवणाची (सुरमईची) तळलेली तुकडी आणि सुंगटांची (कोळंबीची) करी. नियम पाळला गेला, पण उपासाला स्पर्शही झाला नाही. इथल्या माणसाचा जीव नुस्त्यात, म्हणजे मासळीत, आहे. सकाळी बाजारात काय आले, कितीला आले, ताजे होते की बर्फाचे, यावर घराचा दिवस ठरतो. म्हणून मला वाटते गोंयकाराचा खरा उपास नुस्ते सोडण्यात आहे, निदान शुक्रवारी. आणि सोडलेल्या नुस्त्याचे पैसे मोजून बाजूला काढण्यात. प्रार्थना, उपास आणि दान या तिघांची जोडी मत्तयाच्या सहाव्या अध्यायात एकत्र येते. दान नसेल तर उपासात वाचलेला पैसा घरातच राहतो आणि ईस्टरच्या मटणात जातो. एक रिकामा पत्र्याचा डबा घ्या, झाकणाला फट पाडा, टेपने बंद करा आणि ओरातोरजवळ ठेवा. प्रत्येक शुक्रवारी जे घेतले नाही त्याची किंमत, अंदाजाने नाही तर बाजारभावाने, त्यात टाका. डबा पवित्र गुरुवारच्या मिस्सेत न्या. त्या संध्याकाळी भाकरी आणि द्राक्षारसाबरोबर गरिबांसाठीच्या भेटीही वेदीकडे नेण्याची जागा विधीतच ठेवलेली आहे, आणि ती पुष्कळ ठिकाणी वापरली जात नाही.

उपासाच्या दिवशीचे जेवण म्हणजे पेज. ती नीट केली तर कमी जेवल्यासारखे वाटत नाही, वाईट केली तर दिवसभर तिचीच आठवण येते. दोन माणसांना एक वाटी उकडे तांदूळ धुऊन अर्धा तास भिजत ठेवावेत. जाड बुडाच्या टोपात किंवा मडक्यात आठ वाट्या पाणी उकळावे, तांदूळ घालावेत, पुन्हा उकळी आली की आच मंद करावी आणि झाकण थोडे तिरके ठेवून साधारण तासभर शिजू द्यावे. मध्ये दोन-तीनदाच तळापासून ढवळावे. सारखे ढवळले तर शीत मोडते. मीठ शेवटी. कुकरमध्ये घाई केली की तांदूळ फुटून त्याची खळ होते आणि वरचे पातळ, किंचित गोडसर पाणी, जे पेजेचा प्राण, ते राहत नाही. तोंडी लावायला चेपणीचे तोर. गेल्या वर्षीच्या एप्रिल-मेमध्ये मिठाच्या पाण्यात वजनाखाली दाबून ठेवलेली ही कोवळी कैरी मार्चपर्यंत बरणीच्या तळाला आलेली असते, आणि शेवटची दोन-चार तोरां शुभ शुक्रवारसाठी राखून ठेवणारी घरे अजून आहेत. सकाळी पोदेराचा (पाववाल्याचा) एक उंडो पाव आणि बिनदुधाचा चहा, अकराला पोटभर पेज, रात्री वाटीभर पेज किंवा एक केळे. नियमात बसते आणि अंगात ताकद राहते.

पोटापेक्षा काढायला अवघड गोष्ट म्हणजे आवाज. आज घरातला सगळ्यात मोठा आवाज फोनचा आहे, तो शांत असतानाही. 'फोन कमी वापरीन' हा संकल्प टिकत नाही, कारण 'कमी' मोजता येत नाही. जागा आणि वेळ ठरवावी: रात्री तेर्स (जपमाळेची प्रार्थना) सुरू होण्याआधी घरातले सगळे फोन एका टोपलीत, आणि टोपली सकाळी सहापर्यंत स्वयंपाकघरात. घरात कुणी आजारी असेल तर एक फोन आवाज चालू ठेवून बाहेर राहू द्यावा, नाहीतर तीच सबब तिसऱ्या दिवशी टोपली रिकामी करते. पहिल्या आठवड्यात त्या रिकाम्या वेळेत माणूस अस्वस्थ होतो, उगाच फ्रीज उघडतो. ती अस्वस्थता लगेच दुसऱ्या कशाने भरू नये. चौथ्या-पाचव्या रात्री तिथे काहीतरी वर येते: कुणाशी केलेले भांडण, टाळलेली भेट, आईला तोडून बोललेले वाक्य. कुमसाराची, म्हणजे पाद्रीपुढे पाप कबूल करण्याची, तयारी तिथून सुरू होते.

त्यासाठी येशूसंघीयांची (जेझुइटांची) जुनी पद्धत फार उपयोगी आहे. इग्नेशियस लोयोला यांनी शिकवलेली रात्रीची झडती पाच पायऱ्यांची, आणि तिला पंधरा मिनिटे पुरतात. दिवसात मिळालेल्याबद्दल आभार. स्वतःला खरे पाहता यावे म्हणून प्रकाशाची मागणी. सकाळपासून तासातासाने दिवस आठवणे. चुकले त्याबद्दल क्षमा. आणि उद्याची एक ठरवलेली गोष्ट. लोक पहिली पायरी गाळून थेट तिसरीवर उडी मारतात. मग झडती म्हणजे स्वतःवरची फिर्याद होते आणि आठवड्यात बंद पडते.

कुमसार ही पवित्र सप्ताहात करायची गोष्ट नव्हे. निदान तेव्हापर्यंत टाळू नये. त्या आठवड्यात रांगा लांब असतात, विगार (इगर्जीचे प्रमुख पाद्री) थकलेले असतात, मागच्याचे श्वास मानेवर येतात आणि माणूस दोन मिनिटांत आटोपतो. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात जावे. आत गेल्यावर तीन चुका नेहमी होतात. एक, गोष्ट सांगणे: काय घडले, कोण काय म्हणाले, मग मी कसा चिडलो. पाप सांगायचे, कादंबरी नको. दुसरी, दुसऱ्याचे पाप सांगणे. सासूच्या कुमसारात सून येते आणि सुनेच्या कुमसारात सासू. तिसरी, पहिल्या कुमगाराच्या (पवित्र भाकरी घेण्याच्या) वेळी पाठ केलेली तीच यादी चाळीस वर्षे म्हणणे. मोठ्या पापाबाबत काय आणि किती वेळा, एवढे स्पष्ट सांगायचे. लहान गोष्टींत सगळ्यात जास्त टोचणारी एक घ्यायची आणि तिच्या मुळाशी जायचे. पाद्रीने दिलेले प्रायश्चित्त त्याच दिवशी पुरे करावे. उद्यावर टाकले की विसरते. आत सांगितलेले बाहेर जात नाही. पाद्री ते कुणालाही, कुठल्याही कारणाने सांगू शकत नाही, एवढ्यासाठी तरी भीती बाळगू नये.

शुक्रवारची खुर्साची वाट, म्हणजे येशूच्या क्रूस वाहण्याच्या वाटेवरची प्रार्थना, चौदा ठाण्यांची. फ्रान्सिस्कन साधूंनी ती जगभर पसरवली आणि ठाण्यांची संख्या १७३१ मध्ये पोप बारावे क्लेमेंट यांनी चौदावर कायम केली. तिचा अर्थ चालण्यात आहे. जागेवर बसून चौदा परिच्छेद वाचले तर ते वाचन झाले, वाट झाली नाही. घरी करायची असेल तर अंगणातल्या माडांना, खिडक्यांना, पायऱ्यांना ठाणी समजावे आणि प्रत्येक ठिकाणी दोन मिनिटे थांबावे. अर्ध्या तासात होते. प्रत्येक ठाण्यावर मोठा मजकूर वाचण्याचा मोह टाळावा. नवव्या ठाण्यावर येशू तिसऱ्यांदा पडतो, आणि तोपर्यंत वाचणाऱ्याचा आवाज यंत्रासारखा झालेला असतो. चौदांपैकी निदान तीन ठाणी पूर्ण गप्प राहून करावीत.

मराठी वाचणाऱ्या गोंयकारासाठी एक गोष्ट जवळची आहे. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज येशूसंघीय १५७९ मध्ये गोव्यात आला, आणि त्याचे ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये राशोलला छापले गेले. भाषा मराठी, छंद ओवीचा, लिपी मात्र रोमन. पोथी मोठ्याने वाचायची, घरच्यांनी भोवती बसून ऐकायची, ही सवय इथल्या माणसाच्या हाडात होती, आणि त्याने तीच वापरली. ती सवय पवित्र सप्ताहात परत आणता येते. येशूच्या दुःखसहनाची कथा मत्तयाच्या २६-२७, मार्काच्या १४-१५, लूकच्या २२-२३ आणि योहानाच्या १८-१९ या अध्यायांत आहे. झावळ्यांच्या रविवारी पहिल्या तिघांपैकी एक, वर्षाच्या पाळीप्रमाणे, इगर्जीत वाचली जाते. शुक्रवारी दरवर्षी योहानाचीच. सोमवार ते बुधवार उरलेल्या दोन घरी वाचाव्यात. तीन माणसांनी वाटून घ्यावे: एक निवेदक, एक येशू, एक बाकी सगळे. गर्दीची वाक्ये, 'त्याला क्रूसावर खिळा' हीसुद्धा, सगळ्यांनी मिळून म्हणावीत. ती आपल्या तोंडून निघताना कशी वाटतात, ते मुकाट्याने वाचून कळत नाही.

एवढे सगळे काढल्यावर गोव्याच्या इगर्जीत उरतो माणसाचा गळा. आपल्याकडचे मोटेत (कोरेज्मातली समूहगीते) ऐकले नसतील त्याने कोरेज्मातल्या एखाद्या रविवारी संध्याकाळी जुन्या इगर्जीत जावे. पाद्रीचे प्रवचन संपते, वेदीपुढचा पडदा सरकतो आणि दुःखसहनाचे एक दृश्य, पासो, समोर येते: बागेतली व्यथा, फटके, काट्यांचा मुकुट. तेव्हा गायक मंडळी लॅटिन किंवा कोकणी ओळी गातात, संगतीला व्हायोलिन, क्लॅरिनेट, डबल बास. इगर्जीच्या शाळांत सोल्फेज (स्वरलिपी वाचून गाणे) शिकून तयार झालेल्या गोमंतकीय मेस्तांनी (संगीतशिक्षकांनी) या रचना केल्या, आणि गावागावांतून त्या हाताने उतरवलेल्या वह्यांत राहिल्या. हे गाणे अतिशय संथ असते, आणि संथ गाण्यातच सूर खाली घसरतो. मार्च-एप्रिलच्या उकाड्यात आणखी एक अडचण येते: गरम हवेत क्लॅरिनेट चढते आणि व्हायोलिनच्या तारा उतरतात, त्यामुळे साक्रिस्तीत (वेदीमागच्या तयारीच्या खोलीत) जुळवलेली वाद्ये गर्दीने तापलेल्या इगर्जीत वीस मिनिटांत एकमेकांपासून दूर जातात. वाद्ये गायनाच्या जागेवर, माणसे भरल्यानंतर पुन्हा जुळवावीत आणि क्लॅरिनेट आधी फुंकून गरम करून घ्यावे. ज्या वह्या वाळवी खात आहे त्यांचे फोटो आज काढून ठेवावेत; वाळवी पुढच्या कोरेज्मापर्यंत थांबणार नाही.

पाचव्या रविवारनंतरच्या सोमवारी थोरल्या गोंयात (गोवा वेल्हा), सांत आंद्रेच्या इगर्जीतून सांतांची पुरसांव निघते. सतराव्या शतकात पिलारच्या फ्रान्सिस्कनांनी सुरू केलेली ही मिरवणूक. खांद्यांवर एकामागून एक संतांच्या मूर्ती, बहुतेक फ्रान्सिस्कन तिसऱ्या, म्हणजे संसारी लोकांच्या, संघातल्या. त्यांत राजे-राण्याही आहेत, प्रायश्चित्ताचा मार्ग धरलेल्या. भोवती फेरी (जत्रा) भरते, खाजे विकले जाते, गर्दी फोटो काढते. मूर्ती पाहायला जाणाऱ्याने फेरीच्या आधी जावे, उन्हे उतरताना, इगर्जीत त्या ओळीने उभ्या असतात तेव्हा. एकेका चेहऱ्यासमोर थांबता येते.

मग गुरुवार. संध्याकाळच्या मिस्सेत ग्लोरियाला सगळ्या घंटा वाजतात आणि त्यानंतर शनिवारच्या रात्रीपर्यंत एकही नाही. घंटेची दोरी त्याच वेळी वर बांधून टाकावी, नाहीतर सवयीचा हात शुक्रवारी दुपारी तिच्याकडे जातो. तिच्या जागी मात्राक येते: लाकडी फळी आणि तिच्यावर आपटणारी लोखंडी कडी. फळी सुकी हवी. दमट कोठारातून थेट बाहेर काढलेली मात्राक बद्द वाजते. दोन-तीन दिवस सावलीत, वाऱ्यावर ठेवली की कोरडा, कर्कश आवाज येतो. तो कर्कशच असायला हवा. घंटा बोलावते, मात्राकेच्या आवाजात हाडे वाजल्यासारखी वाटतात.

पाय धुण्याच्या विधीत २०१६ पासून स्त्रियाही बसू शकतात, आणि जिथे अजून बाराही पुरुषच निवडले जातात तिथे विगारांना नम्रपणे विचारायला हरकत नाही. मिस्सेनंतर पवित्र भाकरी बाजूच्या वेदीवर नेतात आणि मध्यरात्रीपर्यंत तिथे जागरण चालते. एका वाड्याला एक तास असे वाटप झाले की प्रत्येक वाडा आपापला तास मोठ्या आवाजातल्या प्रार्थनांनी आणि गाण्यांनी भरून काढतो, जणू शांतता राहिली तर कमीपणा येईल. 'तुम्हाला माझ्याबरोबर एक तासही जागे राहता आले नाही काय?' या प्रश्नाला उत्तर म्हणून नुसते बसणे पुरेसे आहे. तासातली पहिली पंधरा मिनिटे प्रार्थना, उरलेली शांत, एवढे आधी ठरवून सांगितले तर लोक पाळतात.

शुक्रवारी दुपारी पाद्री आत येतो आणि काही न बोलता वेदीपुढे पालथा पडतो. ना गाणे, ना घंटा, ना स्वागत. योहानाची कथा, दहा मोठ्या प्रार्थना, क्रूसाची वंदना, आदल्या दिवशीच्या भाकरीचे कुमगार. नंतर पुष्कळ गावांत क्रूसावरून मूर्ती उतरवतात, मृत येशूला खाटेवर ठेवून पुरसांव निघते आणि मागून काळ्या वस्त्रातली दुःखी सायबीण (येशूची आई मारिया) येते. वाटेत वेरोनिका (येशूचा चेहरा पुसणारी स्त्री) होऊन उभी राहिलेली मुलगी कापड हळूहळू उलगडते आणि विलापगीतातली ओळ गाते: वाटेने जाणाऱ्यांनो, थांबा आणि पाहा, माझ्या दुःखासारखे दुःख कुठे आहे का. गाणारीला माइक देऊ नये. त्या ओळीसाठी शेकडो माणसे श्वास रोखतात, कारण ती ऐकू यायला त्यांना गप्प व्हावेच लागते. खाट उचलणारे सारख्या उंचीचे निवडावेत. चढावर पुढचे उंच आणि उतारावर पुढचे बुटके असतील तर मूर्ती आणखी कलते.

शनिवार दिवसभर काहीच नसते, आणि याच दिवशी घरे सगळ्यात जास्त धावतात: मांस, दोदोल आणि बातिक ही मिष्टान्ने, नवे कपडे. स्वयंपाक शनिवारी दुपारी बारापर्यंत आटोपावा किंवा रविवारवर टाकावा. ज्या दिवशी येशू थडग्यात आहे, त्या दिवसाचे निदान चार तास रिकामे मिळाले नाहीत तर रात्रीचा अंधार हा फक्त वीज गेल्यासारखा वाटतो.

एप्रिलच्या सुरुवातीला सूर्य पावणेसातच्या सुमारास बुडतो. जागरणाचा विधी पुरता काळोख पडल्याशिवाय सुरू करू नये. १९५० च्या दशकात पोप बारावे पायस यांनी सुधारणा करेपर्यंत हा विधी शनिवारी सकाळी, उजेडात होत असे. तो मुद्दाम रात्रीत परत आणला, आणि आपण मात्र लोकांच्या सोयीसाठी त्याला पुन्हा संधिप्रकाशाकडे ढकलतो. बाहेरची आग मोठी हवी. वाळलेली सोडणे आणि करवंट्या उत्तम पेटतात, कापराची एक वडी पुरते. समुद्राकडून वारा असेल तर आग भिंतीच्या आडोशाला लावावी आणि मोठी मेणबत्ती पेटवून दाराशी येईपर्यंत हाताने नाही, काचेच्या चिमणीने झाकावी. मेणबत्ती त्याच वर्षीची, नवी. तिच्यावर क्रूस, आल्फा आणि ओमेगा, चालू वर्षाचे चार अंक आणि धुपाचे पाच खडे. पाच जखमांचे ते खडे बोटांनी बसत नाहीत. भोके आदल्या दिवशी तापवलेल्या खिळ्याने पाडून ठेवावीत.

आत तीन वेळा थांबून 'ख्रिस्ताचा प्रकाश' म्हणतात. दुसऱ्यानंतर लोकांच्या मेणबत्त्या पेटतात, तिसऱ्यानंतर इगर्जीतले दिवे, वेदीवरच्या मेणबत्त्या मात्र ग्लोरियालाच. स्विचजवळ एकच माणूस उभा करावा आणि दुसऱ्या कुणी हात लावू नये असे बजावावे. दरवर्षी कुणीतरी पायरी दिसत नाही म्हणून ट्यूबलाइट लावतो. मोबाइलचे टॉर्च बंद ठेवायला आधी सांगावे. मग मधमाश्यांच्या श्रमाचा उल्लेख असलेले ते लांब स्तुतिगान, आणि जुन्या करारातली सात वाचने. वेळ वाचवायला तीनवर येतात. निर्गमाचे चौदावे प्रकरण, समुद्र दुभंगण्याचे, कधीच गाळता येत नाही. सातही वाचावीत. चाळीस दिवस थांबलेल्या माणसाला आणखी पाऊण तास जड नसतो.

सातव्या वाचनानंतर वर बांधलेली दोरी कुणीतरी सोडतो. ग्लोरिया सुरू होतो तशी ती ओढली जाते, मूर्तींवरचे जांभळे कापड तोवर उतरलेले असते, आणि थोड्या वेळाने पाद्री आलेलुया गातो, तीनदा, दर वेळी एक सूर वर. लोकांचा पहिला प्रतिसाद नेहमी दबका येतो. सहा आठवड्यांत तो शब्द तोंडात आलेला नसतो. तिसऱ्या वेळेला आवाज मोकळा होतो आणि मागच्या बाकांवरची म्हातारी माणसे डोळे पुसतात. घरी परतल्यावर ओरातोरवर यंदाचा झावळीचा क्रूस खोचलेला असतो. पाती अजून हिरवट, कडा पिवळ्या पडायला लागलेल्या.